बारा महिने की एक वर्ष?

तुरुंगात नोकरी लागली हे अण्णांना सांगायला मला तीन रविवार लागले. पहिल्या दोन रविवारी पाऊस, द्राक्षांचे भाव, आईचे गुडघे असं सगळं बोलून झालं आणि मुख्य गोष्ट तोंडातच राहिली. तिसऱ्या रविवारी सांगून टाकली. अण्णा तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स आणि जप्तीचे हुकूम घेऊन उभा जन्म सायकलवर हिंडलेले. त्यामुळे तुरुंगाचं त्यांना नवल नव्हतं, लेकीचं होतं.

"पहाऱ्यावर उभं करणारेत का तुला?"

"नाही हो अण्णा. हिशेबाला."

"तुरुंगात कसला आलाय हिशेब?"

"दिवसांचा. कुठला कैदी किती दिवस आत होता आणि त्या दिवसांचे पैसे कुणी द्यायचे."

तिकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "हां. म्हणजे दिवाणी कैद्यासारखं."

तेव्हा मी 'हो हो' म्हणून वेळ मारून नेली. ते किती नेमकं बोलले होते हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

ही 2016 ची गोष्ट. आम्ही अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात येऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं मोठी झाली होती आणि सांगलीच्या पतसंस्थेत थकबाकीच्या याद्या करण्याचा माझा अनुभव इथे कुणाला हवा असेल असं वाटत नव्हतं. जाहिरात होती एका प्रादेशिक जेलच्या लेखा विभागातली. बोटांचे ठसे झाले, मागची सगळी चौकशी झाली आणि दोन लोखंडी दारांच्या अलीकडे, खिडकी नसलेल्या एका खोलीत मला टेबल मिळालं.

इथे आधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा, कारण मराठीत आपण सगळ्यालाच तुरुंग म्हणतो. आपल्याकडे कारागृह हा राज्याचा विषय आहे. येरवडा असो की सांगलीचं जिल्हा कारागृह, खर्च राज्य सरकारचा. जिल्हा परिषदेच्या सभेत कैद्यांच्या भाकरीवरून कधी वाद झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. व्हर्जिनियात दोन वेगळी घरं आहेत. 'जेल' हे स्थानिक, म्हणजे काउंटीचं (साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) किंवा शहराचं. कुठे ते निवडून आलेल्या शेरीफच्या हाताखाली असतं, तर कुठे चारदोन काउंट्या मिळून एक मोठं प्रादेशिक जेल चालवतात आणि त्यावर अधीक्षक नेमतात. आमचं दुसऱ्या प्रकारातलं. आणि 'प्रिझन' ते राज्याचं. त्याला मी इथे राज्याचा तुरुंग म्हणेन.

जेलमध्ये कच्चे कैदी असतात, खटला उभा राहायचा आहे असे. किरकोळ गुन्ह्यात शिक्षा झालेले असतात. त्यांना जास्तीत जास्त 12 महिने. आणि तिसरे, ज्यांच्यामुळे माझी नोकरी होती ते: मोठ्या गुन्ह्यात, म्हणजे 'फेलनी'त, शिक्षा होऊन पक्के झालेले, खरं तर राज्याच्या तुरुंगात जायला हवेत, पण अजून आमच्याच बराकीत झोपणारे. त्यांचा भार स्थानिक लोकांवर का, असा प्रश्न आला की राज्य म्हणतं, आम्ही पैसे देतो ना.

देतं. मी होते तेव्हा स्थानिक जबाबदारीच्या कैद्यामागे दिवसाला 4 डॉलर आणि राज्याच्या जबाबदारीच्या कैद्यामागे 12 डॉलर. राजधानी रिचमंडमधल्या कॉम्पेन्सेशन बोर्ड या राज्याच्या कार्यालयाकडून ही रक्कम यायची. पहिल्यांदा हे आकडे ऐकले तेव्हा मला वाटलं तासाचा दर असेल. 12 डॉलरमध्ये एका माणसाचं बाहेर दोन वेळचं जेवणसुद्धा होत नाही. त्यात रक्षक, वीज, कपडे, डॉक्टर, रात्री दोनला हॉस्पिटलात न्यायची गाडी हे सगळं कुठून बसणार! रक्षकांच्या पगारातला काही वाटा बोर्ड वेगळा देतं, हे खरं. उरलेला खड्डा आमच्या सदस्य काउंट्यांनी भरायचा, ज्याचे जितके कैदी-दिवस तितकं त्याचं बिल, आणि काउंटी तो पैसा घरपट्टीतून काढणार. म्हणजे माझ्या खोलीतला प्रत्येक 4 आणि प्रत्येक 12 शेवटी कुणाच्या तरी घरपट्टीच्या पावतीपाशी जाऊन पोचायचा.

मला काम शिकवलं ते निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी. त्या बोर्डाला कैद्यांची माहिती पाठवणाऱ्या यंत्रणेच्या तंत्रज्ञ होत्या. या यंत्रणेला सगळे 'लिड्स' म्हणतात. रोज कोण आत आला, कोण गेला, कुठल्या कलमाखाली, शिक्षा काय, हे सगळं तिच्यात जायचं. दर महिन्याला चुकांची यादी परत यायची, ती निस्तरून आमचा महिना बरोबर आहे असं आम्ही लिहून द्यायचं. प्रत्येक गुन्ह्याला नऊ अक्षर-आकड्यांचा संकेत. पहिली तीन अक्षरं गुन्ह्याची जात सांगतात, मधे चार आकडे, आणि शेवटच्या जोडीत 'एफ' आला तर मोठा गुन्हा, 'एम' आला तर किरकोळ. एका अक्षराची चूक झाली की माणूस भलत्याच रकान्यात जाऊन बसतो. बाई म्हणायच्या, "माणसाकडे बघू नकोस, तू त्याला ओळखत नाहीस. कागदाकडे बघ."

आणि कागदाला त्याचे स्वतःचे हट्ट होते. शहराच्या नियमाखाली पकडलेला माणूस, समजा स्थानिक उपविधीचा भंग केला म्हणून, राज्याच्या वॉरंटवर आलेला नाही. त्याचे 4 सुद्धा नाहीत. केंद्र सरकारचे कैदी आमच्याकडे ठेवले तर त्यांचा करार वेगळा, दर वेगळा. न्यायाधीशाने पाच वर्षं सुनावली आणि चार तहकूब ठेवली तर हिशेबाला धरायची ती एकच, 'परिणामी शिक्षा'. पाचातली चार वर्षं आणि एक महिना तहकूब ठेवला तर उरतात 11 महिने. तो माणूस स्थानिक. 1 जानेवारी 1995 च्या आधीच्या गुन्ह्याला नियमच निराळा, तिथे रेघ दोन वर्षांच्या पुढे. त्या तारखेपासूनच्या गुन्ह्यांना व्हर्जिनियाने पॅरोल, म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधीची सशर्त सुटका, बंद केला, म्हणून ही फाळणी. माझ्या काळात असे जुने फार थोडे येत, पण आले की बाई चष्मा पुसून घ्यायच्या.

सगळ्यात मजेची रेघ मात्र बरोबर एका वर्षावर होती. बारा महिने किंवा त्याहून कमी शिक्षा असेल तर स्थानिक. एक वर्ष किंवा जास्त असेल तर राज्याची. हे वाचून मी मान वर केली आणि विचारलं, बारा महिने आणि एक वर्ष यात फरक काय? बाई म्हणाल्या, "आठ डॉलर."

हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता, पण कायद्यात हे खरंच तसं आहे. कित्येक फेलनींना कलमात दोन वाटा दिलेल्या असतात: राज्याच्या तुरुंगात कमीत कमी एक वर्ष, किंवा न्यायालयाला योग्य वाटलं तर जेलमध्ये जास्तीत जास्त बारा महिने. हुकुमात कुठला शब्द टाइप झाला त्यावर माणूस कुणाचा ते ठरतं. दिवस तेवढेच, सूर्य तेवढ्याच वेळा उगवणार.

मग साठ दिवसांची भानगड. राज्याच्या जबाबदारीचा कैदी राज्याच्या तुरुंग खात्याने 60 दिवसांत ताब्यात घ्यायचा असतो. पण साठ कुठून मोजायचे? शिक्षा सुनावल्यापासून नाही, तर कोर्टाच्या कारकुनाने अंतिम हुकूम खात्याकडे पाठवल्यापासून. न्यायाधीशाने आज तोंडी सांगितलं, हुकूम आठ दिवसांनी टाइप झाला, सही आणखी पंधरा दिवसांनी, आणि मग पाठवला. तोवर माणूस आमच्याकडे, आणि साठातला एकही दिवस खर्ची पडलेला नाही. शिवाय दुसऱ्या काउंटीत खटला बाकी असेल तर तो हलायचा नाही. आणि वर्ष-दोन वर्षांच्या शिक्षेवाल्यांना न्यायची खात्याला घाई नसायची. त्यातले बरेच आमच्याकडेच पुरी शिक्षा भोगून घरी जायचे. साठ दिवस उलटूनही राहिलेल्यांची वेगळी यादी निघायची. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. मी मनात तिला 'साठी उलटलेले' म्हणायची. मार्च 2020 मध्ये करोनामुळे खात्याने जेलमधून कैदी घेणंच थांबवलं तेव्हा ही यादी अशी फुगली, की 12 चा रकाना बघून कुणाला वाटावं आमची चांदी आहे. प्रत्यक्षात खाटा संपत आल्या होत्या आणि आजारी माणसाला वेगळं ठेवायला खोली नव्हती.

पैसे कमी पडले तरी कुणाला सोडत नाहीत, हे मात्र मला अण्णांना समजावता आलं नाही. त्यांचा दिवाणी कैदी वेगळा होता. हुकूमनाम्याचे पैसे बुडवणाऱ्याला दिवाणी तुरुंगात घालायचं, तर त्याच्या खाण्यापिण्याचा निर्वाह भत्ता दावा जिंकलेल्याने भरायचा, दर महिन्याला आगाऊ. भत्ता थांबला की दार उघडायचं. अण्णांनी असा एक सावकार बघितला होता, जो दोन महिने भरून तिसऱ्या महिन्यात म्हणाला, आता पुरे, माझंच दिवाळं निघेल. "मग तुमच्या त्या बोर्डाने भरलं नाही तर सोडता का?" अण्णांनी विचारलं. नाही सोडत. वर्षाची तरतूद अपुरी पडली की चालू वर्षाचं अंदाजपत्रक दुरुस्त करून घेतात. रेल्वेच्या शेवटच्या डब्यावरून त्याला 'कबूस' म्हणतात. आपल्या पुरवणी मागण्यांचा भाऊ. "म्हणजे बोर्डाला फुकटचा धनको मिळालाय," अण्णा म्हणाले. तो धनको म्हणजे आमच्या काउंट्या.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो प्रसंग. 2018 चा ऑक्टोबर. बोर्डाकडून तपासणी व्हायची होती म्हणून मी प्रत्येक पक्क्या कैद्याचा कोर्टाचा हुकूम काढून आमच्या नोंदीशी ताडून बघत होते. चहाचा थर्मास, उजवीकडे हुकूम, डावीकडे पडदा. 23 तारखेला एक हुकूम हाती आला. माणूस 20 मेला आत आलेला, शिक्षा 12 सप्टेंबरला. गुन्हा मोबाईल चोरल्याचा. तेव्हा व्हर्जिनियात 200 डॉलरच्या वस्तूची चोरी ही फेलनी होती. 1 जुलै 2018 ला ती रेघ 500 वर नेली. याचा फोन साडेतीनशेचा धरलेला. सहा आठवडे थांबून चोरला असता तर किरकोळ गुन्ह्यावर भागलं असतं.

आमच्या नोंदीत शिक्षा होती '12 महिने'. कोर्टातून त्याच दिवशी रक्षकाबरोबर आलेल्या चिठ्ठीवरून कुणीतरी ती घातली होती. हुकुमात स्वच्छ लिहिलं होतं 'एक वर्ष'.

मी कॅल्क्युलेटर ओढला. 41 दिवस, फरकाचे 8 डॉलर, 328. तपासणीच्या आधी सापडलेली चूक म्हणजे आमच्या खोलीत छोटा सणच. वरिष्ठांना दाखवली, ते म्हणाले, "हुकूम तो हुकूम, बदल नोंद." मी बदलली. चारच्या रकान्यातून तो बाराच्या रकान्यात गेला. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं हे मी लपवत नाही.

आठवड्याभरात माझ्या टेबलावर एक विनंतीचा फॉर्म आला. कैदी पेन्सिलीने असे फॉर्म भरतात. बहुतेक वैद्यकीय खोलीकडे किंवा कॅन्टीनच्या खात्याकडे जातात. हा नोंदींकडे आला होता. मला आता राज्याच्या यादीत टाकलंय असं कळलं, असं त्याने लिहिलं होतं. वकिलांनी बारा महिने सांगितले होते. माझी आई मुलीला रविवारी भेटायला आणते, मला लांब पाठवणार का?

बाईंचं वाक्य आठवलं: माणसाकडे बघू नकोस. पण हाही कागदच होता की.

मी कोर्टाच्या कारकुनांच्या कार्यालयात फोन केला. कुठलं कोर्ट ते सांगत नाही. पलीकडच्या बाईंना फाइल काढायला सांगितली आणि विचारलं, सरकारी वकिलांशी झालेल्या गुन्हाकबुलीच्या करारात शब्द काय आहे? पानांची सळसळ झाली. "बारा महिने, जेलमध्ये." आणि हुकुमात? "एक वर्ष." मी गप्प राहिले, त्यांना दिसेल म्हणून. त्या म्हणाल्या, "मग? दोन्ही एकच ना?"

कोर्टात बसणाऱ्या बाईंना ते एकच वाटत होतं याचा मला राग आला, आणि लगेच आठवलं की दोन वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं. मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, सही न्यायाधीशांची आहे, मी कशी खोडू? दुरुस्तीचा हुकूम लागेल. तो वकिलाने मागायला हवा.

इथे माझी पंचाईत. कैद्याला कायद्याचा सल्ला द्यायला मला सक्त मनाई होती. त्याच्या वकिलाला मी कोण सांगणारी? शिवाय सरळ हिशेब बघितला तर मी माझ्याच जेलच्या 8 डॉलरविरुद्ध भांडत होते. रात्री जेवताना यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू विचारू शकतेस ना? विसंगती दिसली तर विचारणं हे तर तुझं कामच." म्हणून मी एक पत्र लिहिलं. चार ओळींचं, कोरडं. करारात अमुक शब्द आहे, हुकुमात तमुक, कैद्याचं वर्गीकरण त्यावर अवलंबून असल्याने कृपया योग्य ते कळवावं. कारकून बाईंना पाठवलं आणि प्रत सरकारी खर्चाने नेमलेल्या त्याच्या वकिलांना. पाठवण्याआधी वरिष्ठांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "यात आपला तोटा आहे, कळतंय ना?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "ठीक. मग तारीख घाल, तारीख राहिलीय."

त्यानंतरचे दिवस मी रोज सकाळी आधी खात्याची गाडी कुणाला न्यायला येणार ती यादी बघायचे. हुकूम खात्याला 20 सप्टेंबरला गेला होता, म्हणजे साठ दिवस 19 नोव्हेंबरला भरत होते. एरवी जी गाडी वेळेवर येत नाही म्हणून आम्ही सगळे कुरकुरायचो, ती येऊ नये असं वाटायला लागलं. पेन्सिलीच्या फॉर्मला मी उत्तर लिहिलं होतं: "चौकशी चालू आहे." यापलीकडे लिहिण्याची मुभा नव्हती.

8 नोव्हेंबरला दुरुस्तीचा हुकूम आला. एका पानाचा. लेखनप्रमादामुळे 'एक वर्ष' असं टाइप झालं होतं, तिथे 'बारा महिने' वाचावं, आणि हे मूळ तारखेपासून लागू. मी त्याला परत चारच्या रकान्यात नेलं, आधीच्या महिन्याची दुरुस्ती बोर्डाला कळवली, खात्याच्या यादीतून नाव निघालं का ते दोनदा तपासलं. तपासणीच्या अहवालात ही सगळी गोष्ट एका ओळीत बसली.

तो माणूस मी पाहिला नाही. माझी खोली दारांच्या अलीकडे आणि तो पलीकडे. सुटकेच्या दिवशी कागद माझ्याकडून गेला, तेवढाच संबंध. 2 एप्रिल 2019. चांगल्या वागणुकीची सूट धरून 317 दिवस.

त्या रविवारी अण्णांना सांगितलं. मधले सगळे महिने ते विचारत होते, "तो फोनवाला सुटला का?" जणू गल्लीतलाच कुणी.

"सुटला."

"सगळे दिवस चारनेच?"

"सगळे. शिक्षेपासूनचे 202 दिवस धरले तर 1,616 डॉलर बुडाले आमचे."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाले, "त्या दुरुस्तीच्या हुकुमाची नक्कल ठेवलीस ना?"

"ठेवलीय."

"शिक्क्याची?"

"शिक्क्याची."